देवळाची परिभाषा आणि देवळाचे वाचन : खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या अनुषंगाने

१. विषयप्रवेश

खेड्यातील एखाद्या जुन्या देवळात पाऊल टाकणारा अभ्यासक एकाच वेळी तीन भाषांच्या सान्निध्यात येतो. पहिली भाषा गावकऱ्यांची. तीत गाभारा, उंबरठा, ओवरी, कळस, खांब असे शब्द असतात आणि ते घराच्या व शेताच्या शब्दांतच मिसळलेले असतात. दुसरी भाषा शिल्पशास्त्राची. अधिष्ठान, जंघा, अंतराळ, द्वारशाखा, ललाटबिंब हे तिचे शब्द होत. तिसरी भाषा देवळाच्याच अंगावर कोरलेली, म्हणजे शिलालेखांची. या तिन्ही भाषा एकाच दगडाविषयी बोलतात. परंतु त्या नेहमी एकच गोष्ट सांगतात असे नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी क्षेत्रकार्याला निघतो तेव्हा बहुधा दुसऱ्या भाषेची सूची त्याच्या वहीत असते. पहिली भाषा त्याला अशास्त्रीय वाटते आणि तिसरी वाचण्याचे काम तो पुराभिलेखतज्ज्ञांवर सोपवितो. यातून होणारे नुकसान केवळ शब्दांचे नसते. इमारतीचा काळ, तिचे नाव आणि तिच्या रचनेचा अर्थ या तिन्ही बाबतींत चुका होतात, आणि एकदा झालेली चूक पुस्तकांतून व फलकांतून पिढ्यानपिढ्या वाहत राहते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी वसलेल्या खिद्रापूर या गावातील कोपेश्वराचे देऊळ या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमेवर ते उभे आहे. तेथील शिलालेख संस्कृत व कन्नड अशा दोन्ही भाषांतील आहेत. त्याच्याभोवती एक प्रसिद्ध कथाही गुंफली गेली आहे. प्रस्तुत लेखात या देवळाच्या निमित्ताने काही वास्तुसंज्ञांची व्युत्पत्ती, एका रूढ विशेषणाची मर्यादा आणि एका देवनामाची मीमांसा असे तीन प्रश्न विचारात घेतले आहेत.

२. देऊळ, राऊळ आणि गाभारा

प्रथम मूळ शब्दच पाहू. ‘देऊळ’ हा शब्द संस्कृत ‘देवकुल’ यापासून प्राकृत ‘देउल’ या रूपाच्या द्वारे मराठीत आला. येथे ‘कुल’ याचा अर्थ वंश असा नसून घर, निवासस्थान असा आहे. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात दिवंगत राजांच्या प्रतिमा ठेवलेल्या वास्तूला देवकुल असेच म्हटले आहे. यावरून या शब्दाची अर्थव्याप्ती एके काळी आजच्याहून भिन्न होती हे ध्यानात येते. ‘राजकुल’ यापासून त्याच रीतीने ‘राऊळ’ झाला. तो मुळात राजवाड्याचा वाचक. परंतु दक्षिण कोकणात आणि जुन्या मराठी भक्तिवाङ्मयात तो देवालयाच्या अर्थी स्थिरावला. देवाला राजोपचार अर्पण करण्याची जी परंपरा, तिचीच ही भाषिक खूण होय. ओरिसात ‘देउळ’ हा शब्द शास्त्रीय संज्ञेच्या पदवीला पोहोचला असून रेखा देउळ, पीढा देउळ व खाखरा देउळ असे प्रकार तेथील परंपरा मानते. कन्नडमधील ‘देगुल’ हेही याच शब्दाचे रूप आहे. म्हणजे खिद्रापूरच्या अलीकडे व पलीकडे, भाषा भिन्न असूनही, देवालयाचा मुख्य शब्द एकाच मुळाचा आहे.

‘गाभारा’ हा शब्द ‘गर्भागार’ यापासून निघाला. ‘र्भ’ या जोडाक्षराचे प्राकृतात ‘ब्भ’ झाले, आणि पुढे मराठीत द्वित्व जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला. गर्भ–गाभा, गर्भिणी–गाभण ही उदाहरणे त्याच नियमाची. ग्रंथांत ‘गर्भगृह’ हा तत्सम शब्द रूढ आहे आणि तो अचूकही आहे. तथापि मराठी मनाला केळीचा गाभा, गाभण गाय आणि देवळाचा गाभारा यांतील नाते ऐकू येते, ते तत्सम शब्दात ऐकू येत नाही. वास्तूच्या दृष्टीनेही हे नाते यथार्थ आहे. देवळाच्या बाह्यांगावर शिल्पांची कितीही दाटी असली तरी गाभाऱ्याच्या भिंती प्रायः साध्या, प्रकाश अल्प आणि दार एकच असते. बीजाचे स्थान जसे आवरणांच्या आत, तसेच हे.

‘कळस’ हा ‘कलश’ याचा तद्भव. त्याच्या खाली जी कंगोरेदार दगडी चकती असते तिला शास्त्रात ‘आमलक’ म्हणतात, आणि आमलक म्हणजे आवळा. चकतीच्या कडेच्या उभ्या फाका पाहिल्या म्हणजे हे नाव ज्याने योजले त्याची दृष्टी किती प्रत्यक्षनिष्ठ होती हे पटते. ‘ओवरी’ हा शब्द ‘अपवरक’ म्हणजे आतली खोली यापासून आला; आज तो प्राकारालगतच्या, यात्रेकरूंनी उतरावयाच्या पडवीसारख्या खोल्यांना लावला जातो. ‘खांब’ हा सामान्यतः ‘स्तंभ’ याचा अपभ्रंश समजला जातो. परंतु ध्वनिदृष्ट्या तो ‘स्कंभ’ या वैदिक शब्दाकडे जातो. प्राकृतात ‘स्क’ याचा ‘ख’ होतो, ‘स्त’ याचा होत नाही. खेड्यातील निरक्षर पाथरवटाच्या तोंडचा शब्द अशा प्रकारे पंडितांच्या शब्दाइतकाच प्राचीन असू शकतो.

३. उंबरठ्याचा प्रश्न

सर्वांत उद्बोधक उदाहरण उंबरठ्याचे आहे. पश्चिम भारतातील शिल्पग्रंथांत दाराच्या खालच्या आडव्या शिळेला ‘उदुंबर’ असे नाव आहे. त्यामुळे उंबरठा हा शब्द उंबराच्या झाडावरून आला आणि पूर्वी तो त्याच लाकडाचा करीत, असे स्पष्टीकरण सहजच सुचते. परंतु पालीमध्ये उंबरठ्याला ‘उम्मार’ असा शब्द आहे आणि प्राकृतात ‘उंबर’ असा. पालीमधील रूपाचा वृक्षवाचक ‘उदुंबर’ शब्दाशी ध्वनिदृष्ट्या मेळ घालणे कठीण जाते. झाडाचे नाव प्राकृतात ‘उंबर’ असेच झाले असल्यामुळे दोन भिन्न शब्द एकरूप दिसू लागले. आणि शिल्पग्रंथकाराने लोकभाषेतील ‘उंबर’ला संस्कृत वेष देताना झाडाचे संस्कृत नाव योजले, असे मानण्यास जागा आहे.

हे अनुमान मान्य केले तर एक महत्त्वाचा निष्कर्ष हाती येतो. शास्त्राची परिभाषा नेहमी मूळ आणि लोकांची बोली नेहमी भ्रष्ट, हा समज टिकत नाही. कारागीर प्रथम बोलीत बोलला. त्याच्या शब्दांवर संस्कार करून ग्रंथ पुढे रचले गेले. ‘मंडोवर’ हा गर्भगृहाच्या बाह्य भिंतीचा वाचक शब्द गुजरात-राजस्थानातील सोमपुरा शिल्पींच्या व्यवहारात आजही जिवंत आहे. तोही अशाच देशी वळणाचा आहे. म्हणून ग्रंथातील संज्ञा मिळाली की गावातील शब्द टाकून द्यावा, ही क्षेत्रकार्याची रीत सदोष ठरते. दोन्ही शब्द शेजारी नोंदविले पाहिजेत.

या दृष्टीने महानुभावांचा ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ मोलाचा आहे. श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या स्थानांची नोंद करताना त्यात देवळांची दिशा, दारे आणि आसपासची बांधकामे यांचा उल्लेख येतो. पौळी, पटिसाळ, दारवठा असे शब्द त्यात आढळतात. ‘पटिसाळ’ म्हणजे ‘पट्टशाला’. देऊळ ज्यांच्या रोजच्या वहिवाटीत होते अशा माणसांनी योजलेली ही मराठी वास्तुपरिभाषा आहे आणि शिल्पग्रंथांच्या सूचीत तिचा मोठा भाग सापडत नाही.

४. देवळाचे दर्शन

आता कोपेश्वराच्या देवळाकडे वळू. पूर्वेकडून येणाऱ्यास प्रथम लागतो तो लोकांत ‘स्वर्गमंडप’ या नावाने प्रसिद्ध असलेला खुला मंडप. मुख्य देवळापासून तो किंचित सुटा आहे. त्याच्या छताच्या मध्यभागी मोठी वर्तुळाकार मोकळी जागा असून तिच्या बरोबर खाली भूमीवर एक वर्तुळाकार शिळा बसविली आहे. या शिळेभोवती १२ खांबांचे कडे आहे आणि बाहेरचे खांब धरून मंडपाच्या खांबांची संख्या ४८ भरते. आतील कड्याच्या वरच्या अंगास दिक्पाल आपापल्या वाहनांसह कोरलेले आहेत. इंद्र, यम, कुबेर आदी दिशांचे स्वामी वर्तुळाकार आकाशखंडाभोवती उभे, आणि मध्ये प्रत्यक्ष आकाश! ‘स्वर्गमंडप’ हे नाव कोणी दिले असो, ज्याने दिले त्याने वास्तूचा हेतू ओळखला होता, यात शंका नाही.

स्वर्गमंडपानंतर बंदिस्त सभामंडप, त्यापुढे अंतराळ आणि शेवटी गाभारा असा क्रम आहे. प्रकाशाकडून अंधाराकडे आणि विस्ताराकडून संकोचाकडे होणारी ही वाटचाल हिंदू देवालयाच्या विधानाचे सारच होय. सभामंडपातील कित्येक खांब फिरत्या यंत्रावर कातून काढल्यासारखे गोल व गुळगुळीत आहेत. हा विशेष कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील कर्नाटकी परंपरेशी नाते सांगतो. गाभाऱ्याचे बाह्य विधान तारकाकृती आहे. म्हणजे भिंत सरळ न जाता कोनाकोनांनी पुढे येते व मागे जाते. त्यामुळे काळ्या दगडावर दिवसभर ऊनसावलीच्या उभ्या रेघा सरकत राहतात. पायथ्याशी हत्तींची रांग आहे. तिला ग्रंथांत ‘गजथर’ किंवा ‘गजपीठ’ म्हणतात. एवढा भार हत्तींनी पाठीवर पेलला आहे असा भास त्यातून निर्माण होतो.

येथेही संज्ञांचा प्रश्न उद्भवतो. गाभारा व मंडप यांमधील चिंचोळ्या जागेस मराठी अभ्यासक अंतराळ म्हणतात, तर कर्नाटकात तिला शुकनासी किंवा सुखनासी म्हणण्याचा प्रघात आहे. मूळ ‘शुकनासा’ म्हणजे पोपटाची चोच. शिखराचा जो भाग अंतराळाच्या वर चोचीप्रमाणे पुढे येतो त्याचे हे नाव. ते वरून खाली उतरले आणि त्याखालच्या खोलीस लागले. पुढे ‘शुक’ याचे ‘सुख’ झाल्यावर पोपट विस्मृत झाला. सीमेवरील देवळाचे वर्णन दोन भाषांतील ग्रंथांच्या आधारे करणाऱ्याने हा भेद ध्यानी न घेतल्यास शिखराचा अवयव आणि खालची खोली यांची गल्लत होणे अटळ आहे.

५. ‘हेमाडपंती’ या विशेषणाची मर्यादा

महाराष्ट्रातील कोणत्याही गावात काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते ‘हेमाडपंती’ असे सांगितले जाते. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव (इ. स. १२६१–१२७१) आणि रामचंद्र (इ. स. १२७१–१३११) या राजांच्या काळात तो होऊन गेला. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा धर्मशास्त्रावरील ग्रंथ विख्यात आहे. मोडी लिपीपासून बाजरीच्या पिकापर्यंत अनेक गोष्टींचे श्रेय लोकपरंपरा त्याला देते, देवळांचेही दिले. गॅझेटियरांच्या कर्त्यांनी हा लोकशब्द उचलला. हेन्री कझेन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील आपला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला, तोपर्यंत तो शैलीवाचक संज्ञा म्हणून पुरता रूढ झाला होता.

परंतु कालगणना या संज्ञेच्या विरुद्ध जाते. अंबरनाथच्या देवळातील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या कारकीर्दीच्या दोन शतके आधी उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राज्यात ते देऊळ उभे होते. खिद्रापूरच्या देवळाच्या दक्षिण दाराजवळील संस्कृत लेख यादव राजा सिंघण याचा, शके ११३६ चा आहे. त्यात कृष्णावेणीच्या संगमावरील कूडलदामवाड हे गाव देवाला दिल्याची नोंद आहे. ज्या देवाला १२१४ साली गाव दान दिले जाते त्याचे देऊळ १२६० नंतरच्या मंत्र्याने बांधले असणे शक्य नाही. ‘हेमाडपंती’ म्हणताच अंबरनाथ, सिन्नर व खिद्रापूर एका रांगेत बसतात आणि शिलाहार, चालुक्य व यादव यांच्या परंपरांतील भेद पुसला जातो. अंबरनाथचे आणि सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. खिद्रापूरचा ओढा कर्नाटकाकडे आहे. हा भेद सांगण्यास हेमाडपंती हा शब्द असमर्थ आहे.

तरी तो शब्द टाकाऊ आहे असे नव्हे. चुन्याचा उपयोग न करता, घडीव दगड एकमेकांत खाचा पाडून बसविण्याची पद्धत असा त्याचा जो लोकरूढ अर्थ आहे तो सुस्पष्ट व उपयुक्त आहे. उत्तरकालीन देवळांत चुना आला आणि त्याबरोबर ‘कमान’ व ‘घुमट’ हे फारसी मुळाचे शब्दही आले. या नव्या बांधणीहून जुनी बांधणी वेगळी दाखविण्यासाठी गावकऱ्याला एक शब्द हवा होता, तो त्याने एका कर्तृत्ववान मंत्र्याच्या नावावरून घेतला. तेव्हा रचनापद्धतीचा वाचक म्हणून हा शब्द ठेवावा आणि कालनिर्णयासाठी मात्र वापरू नये, हा विवेक राखणे इष्ट होय.

शिलालेखाच्या वाचनातही अशीच एक चूक संभवते आणि ती काही लोकप्रिय लेखनात झालेलीही आहे. ‘११३६’ हा आकडा इसवी सनाचा समजला तर यादव राजा ७८ वर्षे आधीच या भागात येऊन पोहोचतो. प्रत्यक्षात त्या वेळी येथे कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता होती. शिवाय दानाचा लेख हा बांधकामाचा लेख नव्हे. दान हे देवळाच्या अस्तित्वाचा पुरावा देते. ते कधी उभारले गेले याचा देत नाही.

६. कोप की कोप्प?

देवाच्या नावाविषयी प्रचलित कथा अशी : दक्षाच्या यज्ञात सतीने देहत्याग केल्यावर शिव कोपला. विष्णूने त्याची समजूत घातली. म्हणून हा कोपेश्वर, आणि गाभाऱ्यात त्याच्याशेजारी विष्णुस्वरूप धोपेश्वर. सती नंदीवर बसून माहेरी गेली होती म्हणून येथे नंदी नाही. तो यडूर येथे आहे, असे सांगतात. कथा हृद्य आहे आणि देवळातील दोन प्रत्यक्ष गोष्टींचा, म्हणजे दुसऱ्या लिंगाचा व नंदीच्या अभावाचा, ती एकदम उलगडा करते. लोककथेचे सामर्थ्य यातच असते.

भाषाशास्त्राला मात्र येथे थबकावे लागते. सिंघणाच्या लेखात देवाचे नाव ‘कोप्पेश्वर’ असे, द्वित्वयुक्त आहे. संस्कृत ‘कोप’ शब्दात ते द्वित्व नाही. उलट ‘कोप्प’ हा घटक कन्नड स्थलनामांत वारंवार आढळतो. वाडी किंवा लहान वस्ती असा त्याचा आशय. ग्रामनामाला ‘ईश्वर’ जोडून शिवाचे नाव सिद्ध करण्याची रीत तर सर्वत्र आहे. म्हणजे कोप्पेश्वर हा कोप्प या गावाचा ईश्वर होय. इ. स. १०५४ च्या सुमारास कोप्पम येथे चालुक्य आणि चोळ यांचे जे घनघोर युद्ध झाले, व ज्यात चोळ राजा राजाधिराज पडला, ते कोप्पम म्हणजेच हे स्थान असे काही इतिहासकारांनी प्रतिपादिले. इतरांना ते कर्नाटकातील कोप्पळ वाटते. तो वाद बाजूस ठेवला तरी देवनामाची उपपत्ती त्यावर अवलंबून राहत नाही. तिला लेखातील वर्णविन्यास पुरेसा आहे. दान दिलेल्या गावाच्या नावातील ‘कूडल’ हाही संगम या अर्थाचा कन्नड शब्द आहे, आणि ते गाव संगमावर असल्याचे लेखच सांगतो. यावरून या परिसराच्या नामकरणाची भाषा कोणती होती हे स्पष्ट होते.

मग कथा कशी जन्मली? गावाचे नाव खिद्रापूर झाले आणि देवाच्या नावाचा गावाशी असलेला दुवा तुटला. मराठी बोलणाऱ्याच्या कानी उरला तो ‘कोप’. अर्थशून्य झालेल्या नावाला भाषा फार काळ तसे राहू देत नाही. जवळचा अर्थ देऊन त्यास पुन्हा जिवंत करते. ‘धोपेश्वर’ या नावाविषयीही असाच विचार करता येईल. राजापूरजवळच्या धूतपापेश्वराच्या गावास धोपेश्वर म्हणतात. तेव्हा कोपेश्वराशी यमक साधणाऱ्या या नावामागे एखादे निराळे, अधिक लांब नाव दडले असणे असंभवनीय नाही.

या उपपत्तीने कथा खोटी ठरते असे समजणे हा मात्र अभ्यासाचा उद्धटपणा होईल. कथेनेच गेली कित्येक शतके या देवळाला अर्थ दिला आहे. देवळात येणारा भाविक दोन लिंगे पाहतो ती या कथेच्या प्रकाशात, आणि नंदीची रिकामी जागा त्याला रिकामी न वाटता कथेने भरलेली वाटते. अभ्यासकाने एवढेच करावयाचे की नावाचा इतिहास आणि नावाची श्रद्धा यांची वेगळी नोंद ठेवावी, आणि एकीच्या आधाराने दुसरीचा निकाल लावू नये.

७. समारोप

वरील विवेचनातून क्षेत्रकार्यासाठी काही सूचना निष्पन्न होतात. देवळाच्या प्रत्येक अवयवासाठी गावातील शब्द, शिल्पग्रंथातील शब्द आणि सीमाभागात शेजारच्या भाषेतील शब्द असे तीन स्तंभ करावेत. शब्द कोणाकडून मिळाला, पुजाऱ्याकडून, पाथरवटाकडून की शाळामास्तरांकडून, हे नोंदवावे. कारण शिकलेला माणूस बहुधा ‘गर्भगृह’ सांगेल आणि गाभारा लपवील. शिलालेखातील शक व सन यांची फोड स्पष्ट लिहावी आणि देवनाम लेखात जसे असेल तसे, द्वित्वासह, उतरून घ्यावे.

हे काम तातडीचे आहे. जीर्णोद्धारात जुन्या ओवऱ्या पडून तेथे सिमेंटची सभागृहे उभी राहिली की ‘ओवरी’ हा शब्द उच्चारण्याचा प्रसंगच उरत नाही. दगड पडला तर छायाचित्र व मोजमापे यांवरून त्याची कल्पना तरी करता येते. शब्द मात्र बोलणाऱ्याबरोबर जातो. खिद्रापूरच्या देवळात ज्याने ‘कोप्पेश्वर’ हे नाव दगडात कोरले त्याने एक द्वित्व जपून ठेवले, आणि आठ शतकांनंतर त्या एका अक्षरावरून एका विसरलेल्या वस्तीचे नाव हाती लागते. आजच्या नोंदवहीकडूनही पुढील अभ्यासकाची अपेक्षा तेवढीच असेल.